समासातले ठिपके

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वकिलांनी पुस्तक मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आपटलं. पेनस्टँड कलंडला. तो कुणी सरळ केला नाही.

इंग्रजी कादंबरी होती. एकशे ऐंशी पानांची, पंधरा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट. आत शाळेचा शिक्का, त्याखाली प्रत क्रमांक तेवीस. नववीच्या इंग्रजीच्या बाईंनी ती यंदा वर्गासाठी निवडली होती आणि सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकेक कोरी प्रत दिली होती. बाईंना शाळेत येऊन अकरा महिने झाले होते. नोकरी कायम करायची की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं. त्या टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"माझ्या मुलीच्या दप्तरात हे सापडलं," वकील म्हणाले. "इंग्रजी शिकवता की पोरांना आईबापांवर उलटवता?"

"गोष्ट त्यांच्याच वयाची आहे, सर. मुलं न सांगता पुढची पानं वाचून येतायत."

"मुलं न सांगता मातीसुद्धा खातात."

मुख्याध्यापिकांनी स्वतः तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. "मी तेव्हाच बजावलं होतं," त्या बाईंकडे न बघता म्हणाल्या. "वर्गात अभिजात साहित्यच हवं. असली पोरकट पुस्तकं सुट्टीत वाचायची. पण आम्ही पडलो जुन्या, आमचं कोण ऐकणार!"

वकिलांनी पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. त्यांनी एकसष्टावं पान उघडलं, एक परिच्छेद मोठ्याने वाचला आणि लगेच मराठीत अर्थही सांगितला, जणू इंग्रजी बाईंनाच येत नसावं. गोष्टीतला बाप मुलीला अडगळीच्या खोलीत कोंडतो. बाहेरून कडी लावतो. खोलीतल्या दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर असतं.

"हे तुमचं शिक्षण. आणि आता हे बघा. समासात पेन्सिलीचे ठिपके. एकसष्ट ते चौसष्ट, फक्त ही चार पानं. बाकी अख्ख्या पुस्तकात एक नाही. पोरांची नजर नेमकी इथेच जावी, अशी सोय करून ठेवलीय."

बाई वाकून बघू लागल्या. दिव्याच्या बटणाच्या ओळीपुढे दोन ठिपके होते. दुसरा इतका दाबून दिलेला, की कागदाला भोक पडलं होतं.

"कोणी केले?" वकिलांचा आवाज एकदम खाली आला. "मुलीला विचारलं. म्हणते, मला माहीत नाही. तीन वेळा विचारलं. मग कोणी केले?"

बाईंची नजर त्या भोकावरच होती.

"अहो, उत्तर द्या ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता का वाचा बसली?"

"मी," बाई म्हणाल्या. "ठिपके माझे आहेत."

"लिहून द्या."

बाईंनी लिहून दिलं. प्रत क्रमांक तेवीसमधल्या सर्व खुणा मी स्वतः केल्या आहेत, विद्यार्थिनीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही, चूक माझी आहे. खाली सही, तारीख. वकिलांनी वेळही घालायला लावली. तीन चौतीस. कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"आणि पुस्तक?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"राहू दे. आता त्याची गरज नाही."

जाताना त्यांनी पेनस्टँड सरळ केला.

"शुक्रवारची वाट बघायचं कारण नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आजच सामान आवरा. शिक्षिका म्हणवता आणि शाळेच्या पुस्तकात खुणा करता? लाज वाटायला हवी."

बाईंनी दार लावून घेतलं.

"मॅडम, यातला एकही ठिपका माझा नाही."

"मग लिहून काय दिलंत?"

"पुस्तकं वाटली, त्या दिवशी वर्गाला एक नियम सांगितला होता. जी ओळ आपल्या घरातली वाटेल, तिच्यापुढे पेन्सिलीने ठिपका द्यायचा. नाव लिहायचं नाही. मी काही विचारणार नाही." बाईंनी पुस्तकावरचा क्रमांक दाखवला. "तेवीस नंबरची प्रत पहिल्यापासून तिच्याकडेच आहे. हे त्यांच्यासमोर कसं बोलणार? आज तिला त्यांच्याच गाडीतून घरी जायचं होतं."

मुख्याध्यापिकांनी पुस्तक पुढे ओढलं. चारही पानं वाचली. त्या भोकावरून बोट फिरवलं. मग टेबलाच्या काचेखालचा बालसंरक्षण कक्षाचा नंबर शोधून फोन लावला. मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं, बापाचा व्यवसाय सांगितला.

"तिने काही बोलून दाखवलंय का?" पलीकडून विचारणा झाली.

"नाही. पुस्तकात खुणा केल्यात."

"त्या तिनेच केल्यात, कशावरून?"

मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. "त्या तिने केलेल्या नाहीत, असं आम्हीच आत्ता लिहून दिलंय," त्या फोनवर म्हणाल्या. "तो कागद तिच्या वडिलांच्या खिशात आहे."

दार वाजलं. शिपाईमामा आत आले आणि त्यांनी एक हिरवी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"वकीलसाहेब लेकीला आत्ताच घेऊन निघालेत, मॅडम. पोरगी दप्तर घेऊन फाटकाशी उभी आहे. गेटपासवर तेवढी तुमची सही हवी."

तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी गेटपासवर सही झालेली नव्हती. फोन चालू होता.