अजून एक नंबर पातळ

रिमोटची गाडी तिसऱ्या वळणावर पुन्हा कडेच्या पाइपवर आदळली आणि उताणी पडली.

वळणावर उभ्या असलेल्या माणसाने धावत जाऊन तिला सरळ केलं. ती पळाली, पण गेलेला वेळ गेलाच. चारपैकी दुसरी फेरी संपली तेव्हा कुआंदिक अकरावा होता, आणि अंतिम शर्यतीत जाणार होते आठच. त्या आठांत तो आला नाही तर एक जूनपासून तुर्सीनच्या वर्कशॉपला कुलूप लागणार होतं. कारागांडा शहराच्या संस्कृती भवनातली ती तळघरातली खोली संचालिका बाईंनी नाचाच्या क्लासला देऊनच टाकली होती. 'एकदा अंतिम शर्यतीत तुमचा माणूस दाखवा, मग बघू,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे नाहीच म्हणाल्या, फक्त गोड शब्दांत. एकतीस वर्षं त्या खोलीत रिमोटच्या गाड्या जुळवायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तुर्सीनला एवढं कळत होतं. तरी तो आला होता. घरी बसून तरी काय करणार?

कुआंदिक रिमोट घेऊन चालवणाऱ्यांच्या मचाणावरून खाली आला. चाळिशीचा गडी, तुर्सीनचा सगळ्यात जुना शिष्य. रात्रपाळी करून खाणीतून तो थेट इथे आला होता, आणि पापण्यांच्या कडांना कोळसा काजळासारखा बसला होता.

"अगाय, गाडी हाताला लागतच नाही," तो म्हणाला. लहानपणी मास्तरांना मारायचा तीच हाक अजून मारायचा. "चाक फिरवतो मी, आणि ती ऐकते दुसऱ्याचंच. पुढचे शॉकअप कडक आहेत."

"अरे, सकाळीच तर पातळ तेल भरलं."

"मग अजून एक नंबर पातळ भरा."

शेजारच्या टेबलावरचा गेन्नादी चहा ओतता ओतता हसला. "गाडीला काय झालंय तुर्सीन? झकास आहे. चालवणारा बदल."

"तू तुझं ताट सांभाळ!" म्हातारा ताडकन म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपल्या कुआंदिकबद्दल कुणी म्हणावं हे त्याला सोसेना. चालवणाऱ्याची बोटं खोटं बोलत नाहीत, बोटं सांगतील ते तेल भरा, हे तो सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवायचा. आणि कुआंदिकची बोटं म्हणजे काय सांगावं! शॉकअप दोन बोटांत दाबून, तेलात राईएवढा हवेचा बुडबुडा राहिलाय, हे तो डोळे मिटून सांगायचा. तशी बोटं तुर्सीनला परत भेटली नाहीत. नंतर त्या बोटांनी सोळा वर्षं खाणीत खडक फोडायचं ड्रिल धरलं. पोट कुणाला चुकलंय?

तुर्सीनने पुढचे दोन्ही शॉकअप उघडले. जुनं तेल ओतून दिलं, नवं भरलं, दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे काढले. नरम स्प्रिंग चढवली आणि शॉकअपचं वरचं टोक एक भोक आत सरकवलं. कुआंदिककडे फक्त स्क्रू धरायचं काम होतं. त्यातले दोन गवतात पडले.

"हाताला लोणी लावून आलास का रे?"

"वारा गार आहे, अगाय."

तिसऱ्या फेरीला तुर्सीन खाचखळग्यांच्या पट्ट्याशेजारी चक्क पोटावर आडवा झाला. गाडी आली. चारही चाकं प्रत्येक खळग्यात उतरत होती, चढत होती, आणि वरचं अंग असं स्थिर की भरलेली चहाची वाटी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुरेख गाडी त्याने जन्मात जुळवली नव्हती. गाडी वळणाशी पोचली, उशिरा वळली आणि पाइपवर आदळली. पुढच्या चक्करीला पुन्हा आदळली, आणि त्यापुढच्याही.

निकालाच्या पाटीवर आता कुआंदिकचं नाव बारावं होतं. तुर्सीन गुडघे झटकत उठला. गाडी बरोबर होती, हे त्याने स्वतः बघितलं होतं. पण कुआंदिकची बोटं नाही म्हणत होती, म्हणजे आपले डोळेच गेले, आपलंच वय झालं, असं त्याला वाटलं आणि मनापासून लाज वाटली. नाचाच्या क्लासला खोली जाते तेच बरं.

त्याने इंजिन बंद करून गाडी टेबलावर ठेवली. तोवर कुआंदिक आलाच.

"अजून एक फेरी आहे, अगाय. आता जमणार बघा. पुढे फक्त अजून एक नंबर पातळ."

बोलता बोलता त्याने उजव्या हाताचा अख्खा पंजा इंजिनाच्या उघड्या डोक्यावर टेकवला आणि गाडीचं नाक खाली दाबलं.

"हे बघा, दबतच नाही नीट." पुन्हा दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. "कळतंय ना, किती कडक आहे?"

पळून आलेल्या इंजिनाच्या डोक्यावर पाणी टाकलं तर थेंब नाचून उडून जातो. गेन्नादीचा चहाचा पेला तोंडाशी थबकला. तुर्सीनला आधी कातडी करपल्याचा वास आला.

त्याने कुआंदिकचं मनगट धरून खेचलं आणि पाण्याचा कॅन त्या पंज्यावर उपडा केला.

कुआंदिक भिजलेल्या बाहीकडे बघून हसायला लागला.

"काय हे अगाय? माझ्या हातावर पाणी कशाला ओतताय?"