असे गाव नाही

पडद्यावर ‘बाधित गावे : शून्य’ अशी ओळ आली आणि संगणकानं धरणाचे डावे दरवाजे उघडले. ड्युटीवरच्या इंजिनियर मृदुला सोनवलकर यांनी घाईघाईनं खालच्या गावाच्या सरपंचांना फोन लावला.

“तात्या, गाव सोडा! पाणी सुटलंय!”

पलीकडे ढोल वाजत होते. “असं कसं, मॅडम? माणसं असतील तिकडं मशीन पाणी सोडत नाही.”

“ते नावावरून माणसं शोधतं. तुम्ही काल चोरपाडळीचं आनंदपाडळी केलंत. जुनं नाव पुसलं गेलं, नवं सगळीकडे पोचायला दोन दिवस लागतात. तोवर त्याच्या लेखी तिथं मोकळं रान आहे.”

“चाळीस वर्षं अर्ज केले हो त्या नावासाठी,” तात्या पुटपुटले. “पोरींना सासरी चोरांच्या गावची म्हणून हिणवायचे. दरवाजे बंद करा ना.”

“दरवाजे फक्त मशीनच चालवतं. माझ्या हातात नाही, तात्या.”

“मग पाणी किती वेळात येईल, तेवढं तरी सांगा. म्हाताऱ्यांना उचलून न्यायचंय.”

मृदुलाबाईंनी ‘आनंदपाडळी’ टाइप केलं. ‘असे गाव नाही.’ मग ‘चोरपाडळी’ टाइप केलं. ‘असे गाव नाही.’

फोनमधले ढोल थांबले होते. तात्या अजून उत्तराची वाट बघत होते.