उजव्या पायाचा मोजा

१९९६ सालच्या जूनमधल्या एका शनिवारी वॉल्टर हार्कर हिल्डा थ्वेटच्या दारात येऊन उभा राहिला, घसा खाकरून तिच्या गुलाबांत थुंकला आणि म्हणाला, "बाई, माझ्या बुटाला फासावर चढवण्याआधी एकदा माझ्यादेखत घालून चाला."

हिल्डाने गुलाबांकडे बघून नाक मुरडलं.

इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत भटकणाऱ्यांच्या एका मासिकासाठी ती एकोणीस वर्षं बूट पारखत होती. तिच्याकडे यंत्रंबिंत्रं नव्हती. बूट पायात घालून चिखल तुडवायचा आणि खरं ते लिहायचं. तिच्या दोन ओळी वाचून दुकानदार माल मागवत, नाहीतर परत धाडत.

हार्करचा नवा बूट घोट्याच्या खालीच संपणारा, हलका. सकाळी डोंगरात जाऊन संध्याकाळी चहाला घरी येणाऱ्यांसाठी बेतलेला. आत पाणी शिरणार नाही, अशी त्याची हमी. पण पहिल्याच फेरीत हिल्डाचा मोजा ओला निघाला होता. 'गळतो' असा मजकूर टाइप होऊन टेबलावर पडला होता, आणि तसं तिने हार्करला कळवलंही होतं. सोमवारी तो टपालात जायचा होता.

"कारखान्यात एकसष्ट माणसं आहेत," हार्कर म्हणाला. "हा बूट पडला की दाराला कुलूप. तुमचा मोजा घामानं भिजला असेल."

"माझ्या पायांना घाम येत नाही, मिस्टर हार्कर."

"राणीच्याही पायांना येतो, बाई."

"आणि घाम की पाणी, ते कोण ठरवणार?"

"माझा बाप ठरवायचा तसंच ठरवू. आधी चाला तर खरं."

दिवस कोंदट होता. नेचे कमरेपर्यंत वाढलेले, मेंढ्यांच्या लेंड्यांनी वाट माखलेली. हार्कर मागून धापा टाकत, खोकत, थुंकत येत होता. दर अर्ध्या तासाने तो तिला थांबवी, तिच्या टाचेचा चिखल अंगठ्याच्या नखाने खरवडी आणि शिवण बघे. ओढा आला तेव्हा काठी पाण्यात खुपसून त्याने खोली मोजली.

"इथून उतरा. बुटाच्या काठावरून पाणी आत गेलं, तर तो दोष माझा नाही."

"तुमचा कशातच दोष नसतो वाटतं."

"बायको सांगेल तुम्हाला. यादी आहे तिच्याकडे."

माथ्यावर बसून त्याने डबा उघडला. त्याच चिखलाच्या हाताने अंड्याचं सँडविच उचलून तिच्यापुढे धरलं. "बायकोच्या हातचं आहे, नेलीच्या. चव आहे तिच्या हाताला."

नाही कसं म्हणायचं, म्हणून हिल्डाने एक घास घेतला. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं झालं. तिने तोंड फिरवून घास रुमालात टाकला. "पोट भरलंय माझं."

"म्हणूनच तुम्ही डोंगरातली माणसं अशी काटकुळी," म्हणत त्याने तिचा उरलेला तुकडाही मिटक्या मारत संपवला. अंडं त्याच्या हनुवटीवर वाळत राहिलं. हिल्डा दरीकडे बघत बसली.

खाली उतरल्यावर दगडी कुंपणाशी तिने बूट काढले. डावा मोजा कोरडा होता. उजवा बोटांशी ओला.

हार्करने तो उचलला. "आमच्याकडची जुनी रीत आहे. ओढ्याच्या पाण्याला चव नसते, घामाला मीठ असतं. बूट करणाऱ्याने चाखायचं आणि बूट घालणाऱ्यानेही. दोघांचं जमलं तर निकाल."

"चाखायचं? मोजा?"

"तुमच्याच पायातला आहे, बाई. परका नाही."

आणि त्याने मोज्याचं टोक तोंडात घालून चोखलं. त्याने दुसरी बाजू तिच्यापुढे धरली, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"शी! लांब करा ते. तुम्ही म्हणाल तेच मी छापीन."

"माझ्या एकट्याच्या शब्दावर?"

"हो. म्हणा, घाम आहे म्हणा, आणि संपवा एकदाचं."

तो खोटं बोलणार, याची तिला खात्री होती. हार्करने मोजा पुन्हा तोंडात धरला. जिभेवर घोळवला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"मीठ नाही," तो म्हणाला. "नुसतं पाणी आहे. बूट गळतो."

हिल्डा त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला 'घाम' म्हणता आलं असतं."

"मोजा तोंडात असताना? बाप थडग्यातून उठून आला असता."

त्याने हनुवटी पुसली आणि मोटारीकडे चालू लागला.

मजकूर छापला गेला. शेवटी तिने आपणहून एक वाक्य वाढवलं, असा सच्चा कारागीर आपण पाहिला नाही म्हणून. नोव्हेंबरात कारखाना बंद झाला. चामडं कापणारा मुकादम मुलाकडे कॅनडाला गेला. शिलाईवरच्या दोघी बहिणी बिस्किटांचे पुडे बांधू लागल्या. बाकीचे जिथे मिळालं तिथे पांगले. हार्कर तीन वर्षांनी न्यूमोनियाने गेला. हिल्डा गुडघे थकेपर्यंत बूट पारखत राहिली, आणि प्रत्येक नव्या कारखानदाराला त्याचं उदाहरण देत राहिली.

नेली म्हातारपणी जवळच्याच केंडल गावातल्या वृद्धाश्रमात आली. हे कळल्यावर हिल्डा केक घेऊन तिला भेटायला गेली. त्या दिवशी निकाल कसा लागला, ते हार्करने घरी कधी सांगितलंच नव्हतं. हिल्डाने सगळं सांगितलं, मोज्यासकट. "एवढा प्रामाणिक माणूस होता हो तुमचा."

नेलीने कप खाली ठेवला.

"चाखून सांगितलं त्यानं?" तिने विचारलं. "अहो, त्याची जीभ मेली आहे, असं डॉक्टरांनी मला त्या दिवसाच्या दोन वर्षं आधीच सांगितलं होतं, त्याला कळलं तर तो खचेल, म्हणून मीच जेवणात मूठमूठ मीठ घालून त्याला पत्ता लागू दिला नाही."