गोन्ताचा चेंडू

दरड कोसळून चार दिवस झाले होते आणि मी शिकवलेल्या गोन्ता कुत्र्याला एकही जिवंत माणूस सापडला नव्हता. प्रेत निघालं की माणसं रडत, आणि आपलंच काही चुकलं असं वाटून तो खचत चालला होता. शेवटी चिखलात बसला तो उठेचना. अशा वेळी कुणीतरी लपायचं, कुत्र्यानं हुडकलं की हसून कौतुक करायचं आणि त्याला चेंडू द्यायचा, ही आमची रीत. लपायला कोण येतं विचारलं, तर मायुकाची आईच पुढं आली. मायुका अजून ढिगाऱ्याखालीच होती. "आई, तुम्ही नको," मी म्हटलं. "का? बाकीच्या बायका भाताचे मुटके वळतायत, मी नुसतीच बसलेय." "पण रडायचं नाही हं. त्याला आनंदाचाच आवाज लागतो." चेंडू घेऊन ती मोडक्या दाराखाली आडवी झाली. गोन्तानं भुंकून हुडकलं तशी ती हसली, "शोधून काढलंस की रे! शहाणं माझं बाळ ते!" तो शेपूट हलवत कामाला लागला, तिच्याकडून चेंडू परत घ्यायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. दुपारी तिच्याच घराच्या ढिगाऱ्यावर तो भुंकला नाही, कान पाडून नुसता बसला. फावडी चालली, मायुकाची हिरवी बाही दिसली. आम्ही हेल्मेटं काढून हात जोडले. गोन्तानं माझ्याकडं बघून मान खाली घातली. तिची आई त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसली, खिशातून चेंडू काढला आणि तशाच आनंदी आवाजात म्हणाली, "शोधून काढलंस की रे! शहाणं माझं बाळ ते!"