शेऱ्याचा रकाना

‘कोणते रकाने दाखवायचे?’ पडद्यावरच्या चौकटीनं विचारलं. खाली अकरा चौकोन होते. एकेक कुठे निवडत बसायचं, म्हणून वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ‘सगळे’वर टिचकी मारली आणि मग ‘प्रकाशित करा’वर. क्षणभर काहीच झालं नाही. मग ‘झालं’ असं उमटलं. नऊ हजार पुस्तकांची अख्खी यादी वेबवर गेली होती, आणि बाईंना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्यांचा आनंद गगनात मावेना. वेबसाइट करून देणाऱ्यानं सहा महिने मागितले होते. हातात होते चारच दिवस. शुक्रवारी समितीची बैठक होती आणि विषय एकच: कोणी फिरकत नाही, तेव्हा वाचनालय बंद करावं. ठराव खुद्द अध्यक्षांचा होता. घरबसल्या यादी दिसली तर दहावीस जण तरी येतील, एवढीच बाईंची आशा. बावीस वर्षं त्यांनी ही पुस्तकं जिवापाड जपली होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडतंय तोच धाकट्या बहिणीचा फोन आला.

“ताई, तू काय करून ठेवलंयस? आमचं सगळं ऑफिस कामधंदा सोडून तुझे शेरे वाचत बसलंय.”

शेरा म्हणजे शेवटचा रकाना. तो बाई स्वतःपुरता भरत, मनाला येईल तसा. ‘प्रेमकथा. दोघं एकशे चाळिसाव्या पानावर भेटतात, तोवर धीर धरा.’ ‘पाककृती. तेलाचे डाग फक्त बत्तिसाव्या पानावर, म्हणजे तेवढीच जमते.’ ‘रहस्यकथा. शेवटचं पान फाटलंय. खून माळ्यानं केला.’ हे एक वेळ चाललं असतं. पण कवितांच्या कपाटात अध्यक्षांचा संग्रह होता, आणि त्याच्यापुढे बाईंनी लिहिलं होतं, ‘झोप येत नसेल तर दोन पानं पुरेत. तिसऱ्यापर्यंत कोणी पोचल्याची नोंद नाही.’

रकाना काढायचा कसा, हे त्या शोधत होत्या तेवढ्यात दार वाजलं. मग ते वाजतच राहिलं. सात जणांना माळीच हवा होता. दोन बायका बत्तिसाव्या पानावरून हमरीतुमरीवर आल्या. एक आजोबा म्हणाले, पुस्तक कुठलंही द्या, शेरा मात्र चांगला असू दे. दुपारपर्यंत सभासदत्वाचे अर्ज संपले, तेव्हा बाई जुन्या अर्जांच्या पाठीवर नावं लिहू लागल्या. नोकरी जाणार हे त्यांना दिसत होतं, तरी हसू काही आवरत नव्हतं. इतकी माणसं त्यांनी या खोलीत कधी पाहिली नव्हती.

चार वाजता अध्यक्ष आले. हातात यादीचं छापलेलं पान, एका ओळीवर लाल वर्तुळ.

“हा शेरा तुमचा?”

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. “माझाच.”

“आणि पुस्तक कुठंय?”

“बाहेर गेलंय. मागं एकतीस जण नंबर लावून आहेत. तिसऱ्या पानापर्यंत कोण पोचतं, अशी पैज लागलीय.”

अध्यक्ष मटकन खुर्चीत बसले. आल्या दिवसापासून ते पुस्तक कपाटातून हललं नव्हतं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. ते टेबलावरच्या, नंबर लावलेल्यांच्या यादीकडे बघत राहिले, ओठ हलवत, एकेक मोजत. मग त्यांनी पिशवीतून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं आणि हळूच बाईंपुढे सरकवलं.

“शुक्रवारची बैठक रद्द,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “हा माझा दुसरा संग्रह. आजच यादीत घ्या. आणि बाई, शेरा जरा याहून वाईट लिहा.”