शेवट बदलावा का?

१९८६ साल. हॉलिवूडजवळच्या बरबँक शहरातल्या एका थिएटरात, एका गाजलेल्या हेरपट-मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवत होते. डार्लिन ओळख लपवून त्यांच्यात बसली होती. नायकाच्या जागी शेवटी धरणावरून उडी मारणारा स्टंटमन वेंडेल तिचा नवरा होता. त्याचे दोन मणके आधीच खिळखिळे झाले होते.

पडद्यावर उडी आली तशी तिने डोळे गच्च मिटून घेतले.

दिवे लागले. मत लिहायला कार्डं आणि पेन्सिली वाटल्या. कार्डांवर शेवट नापास झाला, तर तो पुन्हा चित्रित होणार आणि वेंडेल पुन्हा त्या कठड्यावर उभा राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"उडी जरा तोकडीच वाटली, नाही हो बाई?" शेजारचे म्हातारबुवा पेन्सिल चावत म्हणाले.

"तोकडी? अहो, माझे तर प्राण कंठाशी आले होते! चांगलं लिहा, तुमचं काय जातंय!"

तिने स्वतःच्या कार्डावर सगळीकडे 'उत्कृष्ट'वर खूण केली. 'शेवट बदलावा का?' या प्रश्नापुढे लिहिलं, 'मुळीच नको. संपूच नये असं वाटलं.'

शेवट बदलला नाही. पुढे नायकाने समुद्रकाठी बंगला बांधला, वेंडेल कुबड्यांवर आला, आणि डार्लिन पुन्हा कधी थिएटरची पायरी चढली नाही.



प्रेक्षकांच्या आग्रहास्तव काढलेल्या, वेंडेलला पुन्हा उडी मारायला लावणाऱ्या सहाव्या भागाच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'संपूच नये असं वाटलं! – एक प्रेक्षक.'