सीटखालची बॅटरी

टेम्पोला बाहेरून लटकवलेली दुसरी बॅटरीही चोरीला गेली, तेव्हा माझ्यापेक्षा माझा मेव्हणाच जास्त हळहळला. मला तिथंच संशय आला.

तिसरी बॅटरी मी त्यालाच हाताशी धरून केबिनमध्ये सीटखाली बसवली. भंगारातली केबल, जुन्या ट्यूबचे पट्टे, स्वस्तात काम झालं. "जागा फक्त आपल्या दोघांना ठाऊक हां," मी बजावलं. तो गेल्यावर हाताला पिशवी गुंडाळून मी बॅटरीला मस्त खाजकुयली चोळली.

सकाळी बॅटरी जागेवरच होती, पण केबल सुटलेली. मेव्हणा चहाच्या टपरीवर दोन्ही हात खिशात कोंबून उभा. खिसे नुसते वळवळतायत.

"दाजी, चोर परत आला नाही ना?"

"छे रे! तुझ्यासारखा राखणदार असल्यावर कोण येतोय?" मी हात वर केला. "दे टाळी!"